तरुणपणी पाहिलेला रॉक कॉन्सर्ट: क्लिप बघावी का?

कृष्णाकाठ
मंडळी, प्रश्न जरा येडपट आहे, पण विचारतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना आम्ही तिघं मित्र सांगलीहून बंगळूरला आयर्न मेडन बघायला गेलो होतो. १७ मार्च २००७, पॅलेस ग्राउंड्स. एवढ्या नावाचा हेवी मेटल बँड भारतात पहिल्यांदाच वाजवणार होता. बातमी कळली तेव्हा कुणाला सांगावं, तर सांगलीत आमच्या तिघांपलीकडे ऐकून घेणारं कोणी नव्हतं. मिरजेहून दुपारची राणी चन्नम्मा पकडली, दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळूर. घरी कॅम्पस इंटरव्ह्यू म्हणून सांगितलेलं. पाडवा तोंडावर आणि मी काळा टीशर्ट घालून निघालेला. आई म्हणाली, "इंटरव्ह्यूला असलं भुताचं चित्र घालून जातात होय रे?"

त्या संध्याकाळचा एक तुकडा डोक्यात पक्का बसलाय. 'फिअर ऑफ द डार्क' सुरू झालं. त्याची सुरुवातीची गिटारची धून लोक ओ-ओ करून गातात, तिला शब्द नाहीत. अख्खं मैदान ती एका सुरात गात होतं. पायाखाली माती, दिव्यांच्या झोतात धूळ तरंगतेय. माझ्या डावीकडे एक कानडी मुलगा, उजवीकडे गुवाहाटीहून रेल्वेने आलेला एक जण, तिघांचे हात एकमेकांच्या खांद्यावर. सांगलीत मी 'ते किंचाळणारं ऐकतो तो' होतो. तिथे जिकडे बघावं तिकडे तसलेच.

आता झालंय असं की, गेल्या आठवड्यात एका मित्राने त्याच गाण्याची क्लिप पाठवली. गर्दीतल्या कुणीतरी मोबाइलवर काढलेली. मी अजून उघडलेली नाही. बघावी का? आणि तुम्ही तरुणपणी पाहिलेल्या कॉन्सर्टचं तुम्हाला काय आठवतं, गाणी की बाकीचंच?

पोवईनाका
क्लिप आहे, पत्रिका नव्हे. उघडा की राव.

डॉ_विश्रामबाग
नका बघू. मनापासून सांगते.

एप्रिल २००२ मध्ये पिंक फ्लॉइडवाला रॉजर वॉटर्स बंगळूरला आला होता. मी तेव्हा मिरजेला एमबीबीएस करत होते. मैत्रिणीबरोबर राणी चन्नम्मानेच गेले, घरी रीतसर परवानगी घेऊन (आमच्याकडे इंटरव्ह्यूची सबब चालली नसती). पुढे त्याच दौऱ्याची डीव्हीडी मिळाली. ती अमेरिकेत पोर्टलंडला चित्रित केलेली. चार-पाच वेळा पाहिली असेल. आता घोटाळा असा झालाय की डोळे मिटले तर मला पोर्टलंडच दिसतं. तो कोणत्या बाजूला उभा होता, गिटारवर कोण होतं, सगळं डीव्हीडीतलं. बंगळूरचं म्हणून माझ्याकडे उरलंय ते इतकंच: पुढे उभ्या बाईच्या केसातला मोगरा आणि घामाचा वास. ते डीव्हीडीत नाही म्हणून वाचलं.

कृष्णाकाठ
डॉक्टरताई, नेमकी हीच भीती आहे.

राजवाडा_सातारा
एक शंका. 'द ट्रूपर' या गाण्याला मेडनचा तो गायक ब्रूस डिकिन्सन ब्रिटिश शिपायाचा लाल कोट चढवून युनियन जॅक नाचवतो, हा त्यांचा ठरलेला खेळ आहे. आमचं सातारचं राज्य डलहौसीने १८४८ साली खालसा केलं ते याच झेंड्याखाली. तुम्ही स्वतःच्या पैशाने बंगळूरला जाऊन त्याच झेंड्यापुढे मान हलवून आलात?

कृष्णाकाठ
हलवली नाही, झटकली. निषेध समजा.

जुना_सातारकर
राजवाडा, ते गाणं १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या लढाईवर आहे. त्यात इंग्रजांच्या घोडदळाची रशियन तोफांपुढे पार धूळधाण उडाली होती. मरणाऱ्या शिपायाच्या तोंडचं गाणं आहे ते.

राजवाडा_सातारा
असं होय. मग चालतंय.

जुना_सातारकर
आता आलोच आहे तर माझंही सांगतो. मी तुमच्या सगळ्यांच्या आधीच्या पिढीतला. नोकरीला मुंबईत होतो, शनिवार-रविवार एसटीने सातारला. पण पावसाळ्यात एक शनिवार-रविवार सातारला दांडी असायची, कारण आय-रॉक. म्हणजे इंडिपेंडन्स रॉक, १९८६ साली सुरू झालेला. जागा रंगभवन, धोबीतलावला झेवियर्स कॉलेजच्या शेजारी. वर छप्पर नाही. पाऊस आला तर भिजायचं, बँड भिजू नये एवढीच प्रार्थना.

तिथे मी रॉक मशीन ऐकले. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं, ते हेच. त्या काळी पब्लिकचा हट्ट असा की परदेशी गाणीच वाजवा. कुणी स्वतः रचलेलं गाणं काढलं की मागून हुर्यो. अशा लोकांपुढे उभं राहून आपलंच गाणं वाजवायचं म्हणजे छाती लागते. मला गाण्यांपेक्षा ती छाती आठवते.

पुढे रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात सापडलं. जवळ इस्पितळं, कॉलेज. नियम शंभर मीटरचा. आवाज बंद झाला तो झालाच.

ताजा_भडंग
काका, मायकल जॅक्सनला गेला होता का? आमचे मामा गेले होते, अंधेरीला. १९९६.

जुना_सातारकर
१ नोव्हेंबर १९९६. नव्हतो गेलो. धागा रॉकचा आहे.

ताजा_भडंग
म्हणजे मायकल जॅक्सन रॉक नाही?

मिरज_जंक्शन
झालं. आता पाच पानं हेच चालणार.

पोवईनाका
त्या कार्यक्रमाचा करमणूक कर माफ करायचा की नाही यावर कोर्टकचेरी झाली, ती मात्र रॉकपेक्षा जास्त वर्षं वाजली.

मिरज_जंक्शन
असो. मी मूळ धाग्यावर येतो, कारण धागाकर्त्याबरोबर बंगळूरला गेलेल्या तिघांतला एक मी आहे.

ए भावा, उजवीकडे गुवाहाटीचा कोणी नव्हता. मी होतो. मी मिरजेचा आहे, गुवाहाटीचा कधीपासून झालो? आणि "अख्खं मैदान एका सुरात" वगैरे ठीक आहे, पण आधी परिक्रमा वाजवत होते तेव्हा तू खाली बसून बॅगेवर डोकं टेकून झोपला होतास, हे लिहायचं राहिलं वाटतं. दिल्लीचा एवढा तयारीचा बँड, व्हायोलिन घेऊन आलेले, आणि हा घोरतोय.

माझ्या लक्षात काय आहे सांगू? बाहेर आलो तर टपरीवरच्या टीव्हीपुढे हीऽऽ गर्दी. वेस्ट इंडिजमधला वर्ल्ड कप, भारत-बांगलादेश. आपले १९१ वर गुंडाळले. आत साक्षात आयर्न मेडन बघून आलेले शेकडो काळे टीशर्टवाले, घसा बसलेले, टपरीपुढे चहाचा ग्लास धरून चिडीचूप उभे. लॉजवर पोचलो तर मॅनेजरनेही टीव्ही लावलेला. रात्री उशिरा बांगलादेश पाच गडी राखून जिंकलं. आयुष्यातल्या सगळ्यात भारी आणि सगळ्यात भिकार बातमीची तारीख एकच. त्यामुळे तारीख मला कुणी सांगावी लागत नाही.

कृष्णाकाठ
तू त्या गाण्याच्या वेळी पाणी आणायला गेला होतास.

मिरज_जंक्शन
पाणी आणायला जाऊन परत येता येईल असली गर्दी होती का ती?

कृष्णाकाठ
म्हणूनच तर आला नाहीस. शेवटी गेटवर भेटलास.

पोवईनाका
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

बेस_आणि_टॉप
माझा साउंडचा धंदा आहे, सांगली-तासगाव पट्ट्यात. "एका सुरात" वर थोडं लिहितो.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटर मागे उभ्या माणसाला ड्रमवर काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका पाव सेकंदापेक्षा जास्त उशिरा ऐकू येतो. तो आपल्या कानाला लागलेल्या ठोक्यावर गाणार. पुढचा त्याच्या कानावर. म्हणजे अख्खं मैदान एका वेळी गातच नसतं. मोठ्या कार्यक्रमात टाळ्या बघा, पुढून मागे सरकत जातात. मधे टॉवर उभे करून त्यांना मुद्दाम उशिरा आवाज सोडतात तो याचसाठी, की स्टेजचा आणि टॉवरचा आवाज मागच्याच्या कानात एकदम पोचावा.

विसर्जनाला आम्ही डॉल्बी लावतो ते काम निराळं. तिथे भिंतीपुढे नाचणाऱ्याच्या छातीत दणका बसला की पैसे वसूल. कॉन्सर्टला शेवटच्या माणसालाही शब्द कळायला पाहिजेत. म्हणून ती केळीच्या घडासारखी वाकवलेली स्पीकरची माळ वर टांगतात. वरचे स्पीकर लांबच्यासाठी, खालचे जवळच्यासाठी.

तर माझं मत: तुम्हाला ऐकू आलेला तो एक सूर तुमच्या आसपासच्या पंचवीस-तीस जणांचा होता. २००७ च्या मोबाइलच्या माइकमध्ये बेस फाटणार आणि मागचेपुढचे आवाज कालवले जाणार. बघायचीच असली तर आवाज बंद करून बघा.

डॉ_विश्रामबाग
रॉक कॉन्सर्टची क्लिप आवाज बंद करून! हसून हसून पुरेवाट.

जवारी
मिरजेचा आहे. आमच्या गावी खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ दर्ग्यात रात्र-रात्र गाणं चालतं. लोक मांडी घालून बसतात, पहाटेपर्यंत हलत नाहीत. कुणाला दणका लागत नाही की टॉवर लागत नाही. उगाच मैदानात जाऊन कान फोडून घेण्यात तरुणपण कसलं?

संगीता_कुपवाड
जवारीकाका, मी दोन्हीकडे जाते. दर्ग्यातही पहिल्या दोन तासांत निम्मे लोक चहाला उठतात, ते नाही लिहिलंत.

जवारी
ते बाहेरगावचे.

मिरज_जंक्शन
काका, तुमच्या सतारमेकर गल्लीचा आमच्यावर एक उपकार आहे. बंगळूरहून आल्यावर डोक्यात हवा गेली आणि आम्ही बँड काढला. ड्रमकिट एका बेंजोवाल्याकडून भाड्याने, लग्नसराई नसली की मिळायचं. अँप मंडपवाल्याचा, ज्यावरून आदल्या दिवशी "जेवणाची दुसरी पंगत बसतेय" झालेलं असायचं. आणि गिटार जुनी, मानेवरची तारा टेकायची पट्टी तुटलेली. तेव्हा इथे गिटार दुरुस्त करणारं कोण? गेलो गल्लीत. एका म्हाताऱ्या कारागिराने पाच मिनिटं गिटार उलटीपालटी करून बघितली, हाडाचा तुकडा घेतला, कानशीने घासला, दर दोन घासांनी तार छेडायची आणि कान लावायचा. दोन तास. मग समाधानाने म्हणाले, "आता बोलतीय बघ."

खरंच बोलत होती. त्यांनी सवयीने तिला जवारी काढून दिलेली! प्रत्येक तार तंबोऱ्यासारखी झणझणत होती. मेटलचं गाणं वाजवावं तर मागे सगळीकडे षड्ज. कॉलेजच्या गॅदरिंगला तशीच वाजवली. लोकांना वाटलं हे फ्युजन आहे. सगळ्यात जास्त टाळ्या त्याच गाण्याला.

जवारी
घाट चांगला साधला असणार. आमच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते काय उगाच?

पोवईनाका
धाग्यातली आतापर्यंतची सर्वोत्तम पोस्ट. वाचनखूण साठवली.

माहुली_रोड
माझी आठवण न झालेल्या कॉन्सर्टची आहे. मेटालिका, गुडगाव, २८ ऑक्टोबर २०११. साताऱ्याहून पुणे, पुण्याहून दिल्ली, तिथून गुडगाव. संध्याकाळी पुढचं बॅरिकेड तुटलं, कार्यक्रम उद्यावर ढकलल्याचं सांगितलं, पब्लिक भडकलं, स्टेजवर चढून मोडतोड. पुढे रद्दच. दोन दिवसांनी ३० तारखेला बंगळूरला तेच लोक व्यवस्थित वाजवून गेले. साताऱ्याहून बंगळूर एका रात्रीच्या बसवर आहे. मी मुद्दाम उलट्या दिशेला गेलो होतो, कारण दिल्लीत आत्या राहते, जेवणाची सोय.

त्याचीही क्लिप आहे यूट्यूबवर. रिकामं स्टेज आणि आरडाओरडा. मी अधूनमधून बघतो.

ताजा_भडंग
आत्याकडचं जेवण कसं होतं?

माहुली_रोड
तेवढंच चांगलं होतं.

संगीता_कुपवाड
सगळे खांद्यावर हात टाकल्याचं लिहिताय म्हणून एक बाजू मांडते. मी पुण्यात वीकेंडर या संगीत महोत्सवाला जायचे, २०१० नंतरच्या वर्षांत. पुढच्या गर्दीत मुलीने उभं राहायचं म्हणजे अर्धं लक्ष गाण्यावर, अर्धं स्वतःच्या कोपरांवर. अनोळखी माणसाचा हात खांद्यावर पडला की मला बंधुभाव वगैरे आठवत नाही, मी आधी वळून बघते कोण आहे. शेवटी जागा शोधून काढली: साउंडवाल्याचं टेबल असतं ना मधे, त्याच्या कठड्याला पाठ लावून. मागून कोणी येत नाही.

बेस_आणि_टॉप
ताई, आवाजही तिथेच सगळ्यात चांगला असतो. आम्ही मिक्सिंग तिथे बसून करतो, म्हणजे आमच्या कानाला जे बरोबर वाटतं ते तिथलं असतं. तुमची जागा मैदानातली एक नंबर.

संगीता_कुपवाड
हे माहीत नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं मी फुकटात व्हीआयपी.

कृष्णाकाठ
संगीताताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमच्या वेळी आमच्या आसपास मुली किती होत्या हे आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवत नाही. असणार तर नक्की.

डॉ_विश्रामबाग
विषय निघालाच आहे तर कानाचं सांगते. कॉन्सर्टहून आल्यावर रात्रभर कानात शिट्टी वाजते, त्याचं लोकांना कौतुक असतं. ती कानाची तक्रार आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. स्पीकरपुढे तुम्ही दोन-तीन तास उभे असता. आतल्या केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात, चहाच्या पैशात. गाणं त्यातूनही ऐकू येतं, काळजी नको. बेस_आणि_टॉप, तुम्ही तर रोज वापरा.

बेस_आणि_टॉप
डाव्या कानाने आता कमीच येतं मॅडम. मुलाला लावायला लावतो.

राजवाडा_सातारा
मूळ प्रश्न कुठे गेला? क्लिप बघितली की नाही?

मिरज_जंक्शन
त्याने लिंक मला पाठवली आणि मी बघितली. अहवाल: पुढच्या माणसाचं डोकं, त्याच्यावर नारिंगी ठिपका, तो स्टेज असावा. आवाज बेस_आणि_टॉप म्हणाले तसाच फाटलेला. दीड मिनिट झाल्यावर कुणीतरी अगदी माइकजवळ मराठीत ओरडतो, "आयला, गाणं म्हणू द्या की!" बास. आमच्यातला कोणी नाही, आवाज ओळखीचा नाही. पण मैदानात आणखी एक तरी आपल्याकडचा होता.

माहुली_रोड
बोलण्याची ढब साताऱ्याची आहे ही.

ताजा_भडंग
कोल्हापूर. पैज.

जुना_सातारकर
ऐकलंही नाही अजून आणि पैजा लावताय.

कृष्णाकाठ
काल रात्री बघितली. आवाज सुरू ठेवून.

मला त्या डोक्यांत कोणीच सापडलं नाही. मी नाही, मिरज_जंक्शन नाही, गुवाहाटीचा तर नाहीच (तो होता, माझं म्हणणं कायम). क्लिप काढणारा आमच्या बराच मागे उभा असणार, कारण लोक गातायत ते बँडच्या पुष्कळ मागून येतं. डॉक्टरताई, तुमच्या डीव्हीडीसारखं काही झालं नाही. डीव्हीडी चांगली होती म्हणून तिने तुमची आठवण खाल्ली. ही इतकी वाईट आहे की काही खाऊच शकत नाही. खुशाल बघा असल्या क्लिपा.

माझ्या मुलीने मागून डोकावून विचारलं, बाबा, हे काय, मोर्चा आहे का? तिला पूर्ण हकिगत सांगितली. तिने शांतपणे विचारलं, आजीला माहितीये का हे?

डॉ_विश्रामबाग
"इतकी वाईट की आठवण खाऊच शकत नाही." हे मान्य. आता मी माझ्याही कॉन्सर्टची एखादी भिकार क्लिप शोधते.

कोवळा_ड्रमर
नमस्कार, इथे नवीन आहे. सांगलीत अकरावीला आहे. वरचं सगळं वाचलं. मला ड्रम शिकायचे आहेत. घरी गादीवर काठ्या मारून मारून आईने काठ्या लपवल्या. ते बेंजोवाले अजून किट भाड्याने देतात का?

मिरज_जंक्शन
ते आता नाहीत रे, त्यांनी टेम्पो घेतला. पण किट पुढे मीच विकत घेतलं होतं, माझ्या घरी पत्र्याच्या खोलीत आहे. स्नेअरची कातडी बदलायला लागेल, बाकी ठणठणीत. रविवारी ये, पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवतो. दहाच्या आत नको, वरच्या मजल्यावर वडील पूजेला बसतात. आणि येताना डॉक्टरताईंनी सांगितलेले ते इअरप्लग घेऊन ये, दोन जोड आण.